मनाचे उपचार घ्या, पण पारखून

मानसोपचारांनी मी बरी झाले, आणि त्याच नावाखाली एका ठिकाणी दुखावलेही गेले. एका वाईट अनुभवानंतर ‘यात काही अर्थ नाही’ म्हणून कायमची पाठ फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं दुखणं तसंच राहतं. म्हणून हे लिहिते आहे.

मला पॅनिक अटॅक यायचे. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, कुठेही एकाएकी छाती धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, दरदरून घाम फुटायचा. आता आपलं काही खरं नाही, असं वाटायचं. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. पुढचा अटॅक कधी येईल या धास्तीने मी एकटीने बाहेर पडणंच बंद केलं.

ओळखीतून एका समुपदेशकांचं नाव कळलं. तिथे माझ्यापेक्षा तेच जास्त बोलायचे. ‘सकारात्मक विचार करा, तुमच्यापेक्षा दुःखी लोकांकडे बघा.’ तेही मी ऐकून घेतलं. पण सासूबाईंविषयी मी रडत रडत जे सांगितलं होतं, ते मला न विचारता माझ्या नवऱ्याच्या कानावर घालण्यात आलं. पुढे कळलं की त्यांचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षणच नव्हतं, छोटासा कोर्स तेवढा केलेला. त्यानंतर बरेच महिने मी कोणापाशी तोंड उघडलं नाही.

शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, “तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला, तरच मला बोलावं लागेल.” मग काय करायचं, कशासाठी आणि साधारण किती भेटींत, हे ठरलं. पद्धत होती सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. अमेरिकेत १९६०च्या दशकात डॉ. आरन बेक यांनी ती विकसित केली. तिच्या जवळची, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे.

एका भेटीत माझ्या सायकॉलॉजिस्टनी मला बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, मग फिरत्या खुर्चीत गरागरा फिरवलं. धडधड झाली, चक्कर आली. “भीती शंभरपैकी किती?” मी म्हटलं, नव्वद. पळून न जाता तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने आकडा आपोआप उतरला. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, ही माझ्या मनातली सांगड तिथे पहिल्यांदा सैल झाली. हे प्रयोग तज्ज्ञांसमोरच करायचे, घरी आपल्या मनाने नाही. मला दिलेला गृहपाठ वेगळा होता. बाजारात एकटीने जायचं, भीती वाटली तरी अर्ध्यावरून परतायचं नाही, आणि मनात आलेला विचार वहीत लिहायचा.

अशा उपचारांचा उपयोग कोणाला होतो? चिंता, नैराश्य, ओसीडी म्हणजे मंत्रचळ, जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर न सावरणं, अपघाताचा किंवा अत्याचाराचा आघात, नवरा-बायकोतले ताण, व्यसन. आजाराचं नाव चिकटलेलंच हवं असं नाही. झोप, काम, नाती बिघडायला लागली की जावं. मात्र भास होणं, टोकाचा संशय, कित्येक रात्री न झोपताही अंगात प्रचंड उत्साह असणं, अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर गाठावेत. तिथे औषधं लागतात, बोलण्याचे उपचार त्यांच्या जोडीने चालतात. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आत्महत्येचे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरच्यांना सांगा, जवळच्या रुग्णालयात जा. १४४१६ ही सरकारी टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

जाण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. शिक्षण काय? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो क्रमांक मागायला संकोच नको. समुपदेशक असतील, तर मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी आहे का आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलं आहे का, हे विचारा. माझ्या त्रासावर कोणती पद्धत वापराल? सुधारणा होते आहे हे कसं कळेल? माझं बोलणं कोणाला सांगणार? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे, त्यामुळे या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालंच पाहिजे.

सुरुवातीच्या भेटींनंतर कधी कधी जास्तच थकायला होतं. जुनं दुखणं उकरलं की तसं होतं, तेही तिथेच बोलून टाकावं. पण तुमच्या बोलण्याला किंमत नसेल, तुम्हाला लाजवलं जात असेल, तुमची गोष्ट बाहेर जात असेल, तर बिनदिक्कत उठून या. अशा वेळी माणूस बदला, उपचार सोडू नका.