त्या मशीनची वाट बघत बसू नकोस

नैराश्यावरच्या अल्ट्रासाउंड उपचाराचा तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला गं. डोक्याला काहीतरी लावतात, कापाकापी नाही, भूल नाही, आणि ती बाई हसत बाहेर येते. खाली तू लिहिलंयस, ‘ताई, आता गोळ्या पुरे. हे इकडे आलं की हेच करीन.’ म्हणून लिहायला बसले. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतेस आणि विषय बदलतेस.

ते थोतांड नाही, हे आधी सांगते. माझी सगळी नोकरी सोनोग्राफीच्या खोलीत गेली, जेल लावण्यात आणि एफ फॉर्म भरण्यात. त्यामुळे मलाच आधी खरं वाटेना. हाडापुढे सोनोग्राफीचं काही चालत नाही, हे आम्ही रोज बघतो. पित्ताशयात खडा असला की पडद्यावर त्याच्यामागे काळा पट्टा पडतो, ध्वनी तिथेच अडतो. तान्ह्या बाळाचा मेंदू दिसतो तोही टाळू भरलेली नसते म्हणून. मग मोठ्या माणसाच्या कवटीतून ध्वनी आत शिरणार कसा? तर आमचा पोटाचा प्रोब साधारण दोन ते पाच मेगाहर्ट्झचा, आणि हे लोक अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. एवढ्या खालच्या वारंवारतेचा काही ध्वनी हाडातून पार होतो. मग भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं तसा तो खोल आत एकाच जागी एकवटतात. एमआरआय बघून जागा ठरवतात. जोर इतका कमी ठेवतात की पेशी जळत नाहीत, त्यांचं काम तेवढं थोडा वेळ बदलतं. हात थरथरतात त्यांच्यासाठी जाळणारा प्रकार आहे, तो निराळा.

खरी गंमत खोलीची आहे. टोरांटोत हेलन मेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली कशालाच दाद न देणारं नैराश्य असलेल्या सहा जणांच्या मेंदूत खोलवर तारा बसवल्या होत्या. सहापैकी चौघांना चांगला फरक पडला. पण त्यासाठी कवटीला भोकं पाडावी लागली. टीएमएसमध्ये भोकं नाहीत, डोक्यावर चुंबकाची कॉइल धरतात. मात्र तिचा परिणाम वरच्या दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच. भीती आणि काळजीशी ज्याचा जवळचा संबंध, तो अमिग्डला त्याहून कितीतरी आत. तिथवर चिरफाड न करता पोचायचं, ही या ध्वनीवाल्यांची धडपड. युटा विद्यापीठात यान कुबानेक यांच्या चमूने त्यासाठी खास यंत्र बांधलंय.

टेक्सास विद्यापीठाचा ऑस्टिनमधला २०२५ चा अभ्यास मी आमच्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतला. नैराश्य, चिंता, आघातानंतरचा त्रास असलेले २९ रुग्ण. आधी एकदा खरा ध्वनी आणि एकदा लटका, कुठला कधी ते रुग्णाला ठाऊक नाही. खऱ्या ध्वनीनंतर अमिग्डलाची धावपळ कमी झालेली एमआरआयमध्ये दिसली. मग तीन आठवडे रोज उपचार. लक्षणं कमी झाली, गंभीर त्रास कुणाला झाला नाही. इथवर छान. पण त्या तीन आठवड्यांत लटका ध्वनी कुणालाच नव्हता. आपल्याला खरा उपचार मिळतोय हे सगळ्यांना माहीत होतं. रोज उठून जायचं, कुणीतरी आपुलकीने विचारपूस करायची, डोक्यावर एवढं मोठं यंत्र! त्यानेही माणसाला बरं वाटतं गं. त्यातलं ध्वनीचं श्रेय किती, ते अजून वेगळं काढायचंय. नैराश्यासाठी अमेरिकेतही त्याला मान्यता मिळालेली नाही. आणि उद्या इथे कुणी ‘नवीन अल्ट्रासाउंड थेरपी, पॅकेजमध्ये’ म्हणाला तर पैसे काढू नकोस. खऱ्या चाचणीला नोंदणी क्रमांक असतो, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, आपल्या भाषेत संमतीपत्र असतं. ते दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

आता तुझ्याकडे येते. ‘मला औषधं लागूच पडत नाहीत’ असं तू म्हणतेस. डॉक्टर तसं कधी म्हणतात? दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसात, प्रत्येकी सहा-आठ आठवडे घेऊनही उतार नसेल तेव्हा. तुझी पहिली गोळी झोप येते म्हणून तूच पंधरवड्यात सोडलीस. दुसरीचा डोस वाढवायचा होता, तेव्हा नणंदेचं लग्न निघालं. रागवत नाहीये मी. पण हे डॉक्टरांना सांगितलंयस का? थायरॉइड शेवटचं कधी तपासलंस? आपल्या मावशीला मधूनच भलताच उत्साह यायचा, रात्र रात्र झोपायची नाही, तेही सांग. त्यावरून औषध बदलू शकतं.

आणि हातची गोळी एकदम बंद करायची नाही. चक्कर येते, अंगात झिणझिण्या येतात, आणि आजार परतला असं वाटतं ते वेगळंच.

एवढं करूनही उतार नसेल तर पुढच्या पायऱ्या इथेच आहेत. टीएमएसला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली. आता पुण्या-मुंबईतही ते होतं. काही आठवडे रोज जावं लागतं, म्हणून रिक्षाचा आणि सुट्टीचा हिशोब आधीच मांड. ईसीटीचं नाव काढलं की आपल्याकडे सिनेमातला शॉक आठवतो. प्रत्यक्षात भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. काही दिवस विसरायला होतं, हे खरं, काहींना जास्तही. पण फार खोल गेलेल्या माणसाला वर काढण्यात अजून त्याची बरोबरी कुणाला साधलेली नाही. तुला ते लागेलच असं नाही. नुसतं नाव ऐकून उठून मात्र येऊ नकोस.

बुधवारी डॉक्टरांकडे जाताना भाऊजींना सोबत ने. गोळ्यांची नावं, डोस, कधी सुरू, कधी बंद, सगळं एका कागदावर लिहून. आणि रात्री नको ते विचार आले तर मला उठव, कितीही वाजलेले असोत. मी नाहीच उचलला तर १४४१६ लाव. सरकारी टेलिमानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आईला काय सांगायचं, ते माझ्यावर सोड.