शाळेच्या टीमचे कोच दिवसभर करतात काय?

प्रश्न : आमच्या शाळेत क्रिकेटची टीम आहे, पण कोच नाही. शहरातल्या शाळांना वेगळे कोच असतात म्हणे. मॅच तर मुलंच खेळतात, मग हे कोच दिवसभर करतात काय? आणि कोच व्हायचं तर आधी स्वतः मोठा खेळाडू असावं लागतं का?
— एक विद्यार्थी, पासली (ता. राजगड, जि. पुणे)

उत्तर : तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दात देता येतं : नाही. महाराष्ट्रातले सर्वांत नावाजलेले शालेय कोच रमाकांत आचरेकर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. १९६३-६४ च्या हंगामात मोइनुद्दौला करंडक स्पर्धेत, स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादविरुद्ध. नोकरीही स्टेट बँकेतच. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर, अजित आगरकर, रमेश पोवार हे सगळे त्यांच्या हाताखालून गेले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री.

आता पहिला प्रश्न. दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराची टीम आणि शिवाजी पार्कवरची नेट्स हे आचरेकर सरांचं कामाचं ठिकाण. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी साडेसातला सराव सुरू व्हायचा, मग दिवसभर मॅच आणि संध्याकाळी पुन्हा नेट्स. खेळपट्टीला पाणी घालणं, रोलर फिरवणं, जाळी बांधणं ही कामं मुलंच करायची. सराव संपला की पॅड न काढता मैदानाला धावत फेऱ्या. सुरुवातीला सचिनकडे पांढऱ्या कपड्यांचा एकच जोड होता. सकाळचा घामेजलेला जोड धुऊन, जेमतेम वाळवून तो दुपारी पुन्हा चढवायचा.

मला सरांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती मॅचेसची. नेटमध्ये आउट झालं तरी पुढचा चेंडू मिळतोच. मॅचमध्ये आउट झालं की पॅड सोडून बाहेर बसावं लागतं, आणि मुलगा घडतो तो त्या बसण्यातून. म्हणून सर सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायचे, दिवसात जास्तीत जास्त डाव पदरात पडावेत म्हणून. संध्याकाळी सगळे दमले की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि सरावाला आलेली झाडून सगळी पोरं फिल्डिंगला लावायचे. जो सचिनला आउट करील त्याचा रुपया, कुणालाच जमलं नाही तर सचिनचा. तशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत.

कोचचं दुसरं काम बाहेरच्याला दिसत नाही, ते म्हणजे बघणं. १९८४ च्या सुमाराला अकरा वर्षांचा सचिन पहिल्यांदा सरांसमोर उभा राहिला तेव्हा तो बुजला आणि त्याचा खेळ झालाच नाही. मोठा भाऊ अजित यांनी सरांना विनंती केली की जरा लांबून, झाडाआडून बघा. सरांनी तसं पाहिलं आणि मुलगा ठेवून घेतला. एवढ्या अनुभवी माणसाने एका पोराच्या भावाचं ऐकलं, याचं मला फार मोल वाटतं. पुढेही सर मॅचच्या वेळी लांब कुठेतरी उभे राहायचे, चुका चिठ्ठीवर टिपायचे आणि नंतर त्या एकेक करून समजावायचे.

‘वेल प्लेड’ मात्र त्यांनी कधी म्हटलं नाही, असं सचिनने २०१३ च्या निरोपाच्या भाषणात सांगितलं. मुलाच्या डोक्यात हवा जाईल ही भीती. कधी वडापावला पैसे हातावर ठेवले, की आज काहीतरी बरं झालंय हे पोरांनी ओळखायचं. हे मला मात्र पूर्ण पटत नाही. चांगलं खेळल्यावर एक शब्द ऐकायला मिळाला म्हणून मुलं बिघडत नाहीत. पण सरांची शिस्त स्वतःच्या बडेजावासाठी नव्हती, हेही तितकंच खरं. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शालेय संघांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेची सेमीफायनल, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. सहायक कोच डाव सोडा म्हणून हाका मारत होते, आणि ही दोघं तिकडे बघायचंच टाळत होती. शेवटी फोनवर सरांचा हुकूम आला. साडेतीनशेला एकच धाव हवी, असं कांबळीने विनवलं. तरी सर बधले नाहीत. विक्रम झाला होता, पण मॅच अजून जिंकायची होती. झेवियर्सच्या डावात सहा विकेट्स घेतल्या त्या कांबळीनेच.

यापलीकडे शालेय कोचला कागदपत्रं असतातच. हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालच्यांची, गाइल्स शील्ड चौदा वर्षांखालच्यांची. त्यामुळे जन्मदाखले, नावनोंदणी, स्कोअरबुक आणि मुलगा अभ्यासात मागे पडला म्हणून तक्रार घेऊन आलेले पालक, हे सगळं सांभाळावं लागतं. कोच व्हायचंच असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो, आणि शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून लागायला बी. पी. एड. ही पदवी आहे.

तुमच्या भागात पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, म्हणून हे महिने वाया गेले असं समजू नकोस. मुंबईची कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यातच खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर एक चेंडू अडखळतो, दुसरा अंगावर उसळतो, आणि बॅट्समनला चेंडू अगदी शेवटपर्यंत बघायची सवय लागते. मुंबईच्या कित्येक फलंदाजांचं तंत्र त्या ओलीवर पक्कं झालं.

कोच मिळेपर्यंत हे करा. भातकापणी झाली की मोकळ्या खाचरात दर रविवारी आपसात मॅच ठेवा. टेनिस बॉल चालेल. एकाने वही घेऊन प्रत्येक चेंडू लिहायचा : धाव किती, आउट कसा. महिनाभराने ती वही सगळ्यांनी मिळून वाचा. कोण कुठे चुकतो ते तिच्यातच दिसेल. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये क्रिकेट आहे, तेव्हा शाळेतल्या सरांना किंवा बाईंना प्रवेशाबद्दल आत्ताच विचारा. आणि वही लिहायचं काम तूच घे. तुझा प्रश्न वाचून वाटतं, ते तुला आवडेल.