यमूची भाषा

कै. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानें सांगते. ती वाचतांना आमच्या शिरवळच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “गुरुजी, एवढा मोठा ग्रंथकार, आणि भाषा मात्र माजघरांतली कां?”

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. यमूच्या निवेदनांतील एक उतारा मुलांकडून ग्रांथिक भाषेंत लिहवून घेतला. तो वाचून होतांच एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, ह्यांत यमू राहिलीच नाहीं.”

हेंच खरें उत्तर. वैधव्याचें दुःख येथें ग्रंथकार वर्णीत नाहीं, तें जिनें सोसलें तीच बोलते. तिची बोली काढून घेतली कीं दुःख परक्याचें होतें. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींस मुलें नुसतें दुष्ट म्हणत होतीं. परंतु तोंडीं धर्म आणि वडीलकी असल्यामुळेंच त्यांचा जुलूम घरांत चालतो, हें त्यांचें बोलणें पुन्हां वाचल्यावर मुलांनींच ओळखिलें.

तेव्हां आमचीही एक चूक आम्हांस उमगली. त्याच मुलीनें निबंधांत लिहिलेले आजीचे बोल आम्हीं ‘अशुद्ध’ म्हणून तांबड्या शाईनें खोडिले होते. वही परत मागवून ते आम्हीं जसेच्या तसे ठेविले.

पालकहो, मुलें घरीं जें बोलतात तें ऐकावें. पुस्तकाच्या नांवांतील प्रश्न प्रथम आपणां वडील माणसांसच आहे.