शब्दकोडे : पडताळून वाचण्याचा अभ्यास

दैनिक वृत्तपत्रातील शब्दकोडे अनेक घरांत कोरेच राहते आणि कागद रद्दीत जातो. रिकाम्या वेळेचा विरंगुळा म्हणून त्याकडे पाहिले जाते. आम्हा शिक्षकांना मात्र ते भाषा आणि विचार या दोहोंच्या अभ्यासाचे सहज उपलब्ध साधन वाटते.

लिव्हरपूल येथे जन्मलेले आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात असे कोडे प्रथम दिले. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक वर्ण येतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटीसह पूर्ण अक्षर येते. ‘विद्यार्थी’ला तीनच चौकटी पुरतात. म्हणूनच दिवस या अर्थाचा ‘दिन’ आणि गरीब या अर्थाचा ‘दीन’ यांत गल्लत झाली, की त्या चौकटीतून जाणारा उभा शब्द अडतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचे महत्त्व आपोआप उमगते.

समजा, आडव्या शब्दाची सूचना आहे ‘पेरणीचे औजार’, अक्षरे तीन. एका मुलाच्या गावी पाभर, दुसऱ्याच्या गावी तिफण. दोन्ही शब्द खरे. आवाज चढवून हा वाद मिटत नाही. मधल्या चौकटीतून खाली जाणाऱ्या शब्दाची सूचना पाहावी : ‘शिक्षक ज्यावर खडूने लिहितात’, अक्षरे दोन. ‘फळा’ लिहिला की ‘तिफण’ निश्चित होते. घरच्या बोलीचा संकोच बाळगून वसतिगृहात आलेल्या मुलाला आपल्या शेतातला शब्द छापील चौकटीत नेमका बसताना दिसतो. त्याचा संकोच तेथे सैल होऊ लागतो.

इतिहासाच्या अभ्यासाची रीतही अशीच आहे. सांचीच्या दगडांवरील अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये हेरले. हे दात्यांचे लेख असावेत आणि अखेरचा शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्यांनी केला. त्यातून ‘द’ आणि ‘न’ हाती आले. इतर लेखांत ते पडताळता आले. पुढे ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे शिलालेख बोलू लागले. तर्क करण्याचे धैर्य हवे, तसेच तो दुसऱ्या पुराव्यावर घासून पाहण्याची शिस्तही हवी.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. सुट्टीत मुले घरी आली, की रोज एक कोडे सोडवू द्यावे. आधी खात्रीचे शब्द, मग तर्काचे; लेखन पेन्सिलीने. उत्तरे दुसऱ्या दिवशी ताडून पाहावीत आणि न सुटलेले शब्द वहीत अर्थासह उतरवावेत. ज्या आईवडिलांना अक्षरओळख नाही, त्यांनीही शेजारी बसावे. मुलाने सूचना मोठ्याने वाचावी. पिके, औजारे, झाडे, नाती यांची कितीतरी उत्तरे शब्दकोशाच्या आधी त्यांच्याजवळच सापडतील.