हमिंगबर्डसाठी फीडर कसा निवडाल?



माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला राहते. तिची चौथीतली लेक परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मावशी, अंगणात हमिंगबर्डसाठी फीडर लावायचाय. कुठला घेऊ?" हा पक्षी फक्त अमेरिका खंडांतच आढळतो. तिच्या भागातल्या हमिंगबर्डचे वजन जेमतेम ३ ग्रॅम! मग आम्ही दोघींनी मिळून मुद्दे काढले:

१) फीडर पूर्ण उघडून धुता आला पाहिजे. उलट्या बाटलीपेक्षा बशीसारखा बरा, गळतोही कमी.

२) लहानच घ्यावा. मोठ्यातले पाणी उरते आणि आंबते.

३) फीडरला लाल रंग असला की पुरे. पाण्यात रंग घालू नये.

४) १ वाटी पांढरी साखर, ४ वाट्या पाणी. मध, गूळ अजिबात नको.

५) उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदलून फीडर धुवावा.

बुरशी आलेले पाणी पिऊन पक्षी मरूही शकतो. म्हणून तिला सांगितलं, "बाळा, धुणं जमणार नसेल तर फीडर नको, फुलझाडं लाव." हौसेबरोबर जबाबदारी येतेच ना!

वर्गात यावरून गुणोत्तर छान शिकवता येते. अर्धी वाटी साखरेला पाणी किती? विचारून बघा.

आणि हो, आपल्या जास्वंदीवर येतो तो हमिंगबर्ड नव्हे, शिंजीर. तो बहुधा फांदीवर बसून मधुरस पितो. मुलांना नक्की दाखवा.