एलडीएल ५५ च्या खाली आणायला किती खर्च येतो?

अँजिओप्लास्टी झालेले अनेक जण लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमध्ये फक्त ठळक छापलेले आकडे बघतात. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९२ आलं आणि शेजारी '१०० पेक्षा कमी' असं दिसलं, की जीव भांड्यात पडतो. ती मर्यादा मात्र धडधाकट माणसाची. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट, बायपास झालेल्या रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं, असं कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

तिथवर पोचायला बहुतेकांना महागडं काही लागत नाही. समजा, सुरुवातीला एलडीएल १३० आहे. अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोझुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम रोज घेतलं की ते साधारण निम्म्यावर, म्हणजे ६५ वर येतं. इथे पुष्कळदा डोस दुप्पट करायचा मोह होतो. त्याने जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं. त्याऐवजी एझेटिमाइबची १० मिलिग्रॅमची गोळी जोडली, तर आणखी २० टक्क्यांच्या आसपास घट होते आणि आकडा ५२ होतो.

जनऔषधी केंद्रात महिन्याभराची स्टॅटिन अंदाजे शंभर रुपयांत येते. नामांकित ब्रँडला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. म्हणून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, त्यात संकोच कसला? दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात. सुट्या गोळ्यांच्या दराशी तुलना करूनच घ्या. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी हा रोजचा खर्च देत नाहीत, तो आयुष्यभर आपल्याच खिशातून जातो.

एलडीएल उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा हिशेब वेगळा. इव्होलोक्युमॅब सहसा दर दोन आठवड्यांनी घ्यावं लागतं. इन्क्लिसिरान पहिल्या दोन डोसनंतर सहा महिन्यांतून एकदा. वर्षाचा खर्च लाखाच्या घरात जातो. गोळ्या पूर्ण डोसमध्ये, न चुकता घेऊनही आकडा उतरला नाही, किंवा गोळ्या सोसल्याच नाहीत, तरच हा विषय काढावा.

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांत लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. त्याला काही शे रुपये लागतात, आणि एरवी उपाशीपोटीच जायला हवं असं नाही. स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका. रिपोर्ट चांगला आला म्हणून तर मुळीच नको, कारण तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर जातं.