वाहते पाणी आणि खनिजाचा पृष्ठभार

प्रश्न : पाणी साचलेले आहे की वाहते, यावर खनिजाच्या पृष्ठभागावरील रसायन अवलंबून असते का?

उत्तर : असते, आणि पूर्वी मानले जाई त्यापेक्षा बरेच अधिक. कॅल्शियम फ्लोराइड आम्लधर्मी पाण्यात बुडवले असता त्याच्या पृष्ठभागावरील काही फ्लोराइड आयन, म्हणजे ऋणभारित कण, पाण्यात उतरतात, मागे धनभार उरतो आणि त्याच्या ओढीने लगतचे पाण्याचे रेणू एका दिशेने वळतात. साचलेल्या पाण्यात सुटलेले आयन जवळच घुटमळतात आणि जितके सुटतात तितकेच परत बसतात. प्रवाह मात्र त्यांना वाहून नेतो, त्यामुळे हा समतोल ढळून धनभार वाढतो. जर्मनीतील माइन्ट्स येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये, केवळ सीमेवरील रेणूंचा संकेत टिपणाऱ्या लेसर तंत्राने, हे दाखवून दिले. स्थिर पाण्यात तेवढाच फरक घडवायचा तर त्याचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, दोन एककांपर्यंत बदलावा लागे, ही बाब खरोखर लक्षणीय आहे. प्रवाह थांबल्यावर पृष्ठभाग पूर्ववत होई. सिलिकावरही, तेथील भार ऋण असूनही, प्रवाहाने भार बदलला. नदीपात्रातील खडकांची झीज अभ्यासताना स्थिर पाण्यातील प्रयोगांचे आकडे म्हणूनच जपून वापरावेत.